घेऊन जा गे धुरपता

पोळ्याच्या दिवशी माणसं बैल धुवायला नदीवर गेली की सोनखेडीच्या बायकांना एक काम असायचं. घरातली एखादी जुनी चिंधी आणि सुपात ज्वारी घ्यायची आणि पळसाच्या बनाशी धुरपताच्या झोपडीवर नेऊन द्यायची. ज्वारी धुरपतासाठी, चिंधी मारबतीसाठी. मारबत म्हणजे कडब्याची बाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, गाव तिला वाजतगाजत नाल्यावर नेतं, वर्षभराचं दुखणंखुपणं ओरडून ओरडून तिच्या अंगावर टाकतं, तिला जाळतं आणि मागे न पाहता घरी येऊन वडे खातं. ती बाई बांधायचा मान धुरपताच्या सासरच्या गोंडांचा. नवरा मेला, सासरा मेला, मान तेवढा तिच्या गळ्यात राहिला. 'मान' हा शब्द गावाचा, तिचा नव्हे.

त्या दुपारी रुखमाही गेली. डोक्यावर सूप, काखेत सुदाम. सुदाम सहा-सात महिन्यांचा असेल, आणि पोरगं रडायचं. रात्रंदिवस रडायचं. गल्लीच्या या टोकाला रडलं की त्या टोकाचे बुढे कूस बदलून शिव्या घालायचे.

"आली का वं?" धुरपता कडब्याची पेंढी आवळत हसली. "मले वाटलं, पुलगावच्या गिरणीचा भोंगा वाजून राह्यला."

"हस तू. माह्या डोळ्याले डोळा नाई. सासू म्हणते, हे पोट्टं नाई, पिडा हाये."

"दात येऊन राह्यले त्याचे. आण इकडं."

धुरपतानं पोराला मांडीवर घेतलं, त्याच्या हातात पळसाचं पान दिलं. ते पान चघळत गप झालं. समोर मारबत उभी होती, अजून बिनतोंडाची, कंबरेला कुणाचं तरी विटलेलं लुगडं. रुखमाला तिच्याकडे बघवेना.

"तुले भेव नाई वाटत का? समद्या गावाची पिडा हातानं बांधतं."

"मी कडबा बांधतो बाई," धुरपता म्हणाली. "पिडा तर तुम्ही आणता. तोंडात धरून."

एवढंच बोलणं. रुखमानं ज्वारी ओतली, चिंधी दिली, पोर उचललं. नाल्यापर्यंत ती मजेत गेली, कारण पोरगं तोवर गप होतं.

आता त्या वर्षाचं सांगायला पाहिजे. आदल्या हिवाळ्यात मलेरियावाले सरकारी लोक आले आणि घराघरांत पांढरी पावडर फवारून गेले. मच्छर मेले. मग भिंतीला अंग घासून पंजे चाटणाऱ्या मांजरी मेल्या. मांजरी मेल्या म्हणून उंदीर माजले, आणि उंदरांनी बियाण्याची सरकी खाल्ली. श्रावणात तापानं दोन पोरं गेली. नत्थूजीचा खिल्लारी बैल फऱ्या रोगानं एका दिवसात आडवा झाला. शेंबड्या पोरालाही यातली पावडरीची गोष्ट कळली असती. पण गावात पोरांना कोण विचारतो? गावात बुढे असतात, आणि बुढ्यांना कारण नको असतं, माणूस पाहिजे असतो. कारणावर थुंकता येत नाही.

अण्णाजी त्या बुढ्यांचा म्होरक्या. देवळाच्या ओट्यावर बसून खाकरायचा. त्याच्या खाकरण्यावरून गावाला कळायचं की उजाडलं. त्यानं एक दिवस म्हटलं, "धुरपताच्या झोपडीत फवारणीवाले गेलेच नाई. तिची मांजर कशी जित्ती हाये?" बस. फवारणीवाले तिच्याकडे गेले नाहीत, कारण गावातल्या कोणीच त्यांना ती झोपडी दाखवली नव्हती. पण तेवढ्या एका मांजरीवर सगळं ठरलं. बैल, सरकी, दोन पोरं, सगळं त्या मांजरीच्या शेपटीला बांधलं गेलं.

करीच्या सकाळी झिमझिम पाऊस होता. गाव नाल्यावर जमलं. दारादारांत लावलेल्या पळसाच्या फांद्या उपटून पोरांनी हातात धरल्या होत्या. डफ वाजत होता. मधे ती कडब्याची बाई, आणि रीतीप्रमाणे तिच्या मागे, जरा दूर, धुरपता.

"खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!"

"उंदीर-घुशी घेऊन जा गे मारबत!"

मग नत्थूजीनं काडी ओढली. मारबत पेटेना. घासलेट ओतलं, ते भुरकन जळून गेलं आणि ओला कडबा तसाच. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. कडबा ओला होता, पाऊस पडत होता. पण डफ थांबला आणि लोकांची तोंडं उतरली. वर्षभराची पिडा तोंडाशी आणून परत गिळायची?

अण्णाजी पुढे झाला. काठी उचलून त्यानं मारबतीकडे दाखवली आणि मग ती काठी हळूहळू मागे नेली.

"कडब्याले कायले हाका मारता बाप्पा? बांधणारी उभी हाये ना! घेऊन जा गे... धुरपता!"

पाऊस तेवढा पळसाच्या पानांवर वाजत होता. तेव्हा एका जरी माणसानं म्हटलं असतं, अण्णाजी, गप बसा, तर ही गोष्ट इथेच संपली असती. कोणी म्हटलं नाही. मागून एक आवाज आला, "घेऊन जा गे धुरपता!" मग दहा आले. मग सगळेच. आणि काय काय निघालं त्या तोंडांतून! गुडघे, दमा, खरूज निघाली, ती ठीक. पण जो तो आत दाबून ठेवलेलं ओकू लागला. नवऱ्यावरचा राग, भावावरचा, सासूवरचा, पावसावरचा, स्वतःच्या फुटक्या कपाळावरचा, सगळ्याला एकच तोंड सापडलं. ओल्या फांद्या सपासप धुरपताच्या अंगावर पडत होत्या आणि मारणाऱ्यांचे चेहरे लग्नात असावेत तसे खुलले होते.

रुखमाच्या शेजारी तिची सासू मनकर्णाबाई होती. "माहे गुडघे घेऊन जा!" म्हणून ओरडून तिनं सुनेला कोपर मारलं. "तू काऊन मुकी? का तिचीच हायेस तू?"

काखेत सुदाम किंचाळत होता. रुखमानं डोळे मिटले आणि ओरडली, "माह्या पोराचं रडणं घेऊन जा गे धुरपता!"

खोटं कशाला बोला, तिला ते गोड लागलं. गळ्यातून काटा निघावा तसं.

डोळे उघडले तेव्हा धुरपता तिच्याकडेच पाहत होती. कपाळावरून रगत ओघळत होतं. ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिनं पदर पसरला, भीक घेताना पसरतात तसा, आणि एकेका तोंडासमोर धरत ती सगळ्या गावापुढून फिरली. मग पदराची गाठ मारली, ओली मारबत डोक्यावर घेतली आणि नाला ओलांडून गेली. मागे पाहिलं नाही.

गावानंही पाहिलं नाही. वडे थंड होत होते.

आणि खरंच सांगतो, गुण आला.

दुसऱ्या दिवशी गावात कोणी खोकलं नाही. उंदीर दिसेना. अण्णाजी खाकरला नाही. भांडणं बंद झाली. नत्थूजी ओट्यावर मांडी ठोकून म्हणाला, "पाह्यलं? आधीच केलं असतं त माहा बैल वाचला असता." मनकर्णाबाई जात्याशी तुरतुरू बसू-उठू लागली. सुदाम रडायचा थांबला, आणि रुखमा पहिल्यांदा पहाटेपर्यंत झोपली.

चार-पाच दिवसांनी स्वयंपाकघरातून चरबी जळाल्याचा वास आला. रुखमा धावली. मनकर्णाबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिचा गुडघा चुलीला टेकला होता आणि लुगडं जळून कातडं फुटत होतं.

"मामीजी! गुडघा!"

म्हातारीनं खाली पाहिलं. "अवं हो," म्हणाली. आणि भाकरी उलटली.

त्या वासानं रुखमाचं डोकं लख्ख झालं. ती पाळण्याशी गेली. सुदाम जागा होता. तोंड उघडं, जबडा ताणलेला, डोळ्यांतून धारा, छाती वरखाली होत होती... आणि आवाज नव्हता. किती वेळचा रडत होता कोण जाणे. पाळण्याखालची जमीन ओली होती. तिनं त्याला उचललं तेव्हा हाताला फासळ्या लागल्या. पोर रडत नाही म्हणून पाच दिवस तिनं त्याला, हाताला सवड मिळेल तेव्हाच पाजलं होतं.

मग ती पहारा देऊ लागली. पण रात्री डोळा लागायचाच, दिवसा निंदणाला जावंच लागायचं. परत आली की पोर निळं पडलेलं असायचं. एकदा त्याच्या पायाला मुंगळे डसले होते आणि सासू बाजूलाच सूत कातत बसली होती.

"रडलं नाई त मले काय समजन?" मनकर्णाबाई म्हणाली.

नवऱ्याला, घनश्यामला, तिनं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं ना. शायनं झालं पोट्टं."

"मरून राह्यलं ते!"

"हळू बोल. तूच त मांगितलं होतं सगळ्यांदेखत."

अण्णाजीकडे गेली. बुढ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दसऱ्यापावतर नाल्यापलीकडं कोणी जायचं नाई. पिडा मांगं लागते. एका पोट्ट्यापायी गाव बुडवतं का?" त्याचा आवाज आता साफ होता, तरण्या पोरासारखा. तो आवाज त्याला फार आवडत होता हे दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव जेवून लवंडलं असताना, रुखमानं पोर झोळीत बांधलं आणि नाला ओलांडला.

भादव्याचं ऊन. वारा नाही. पळसाच्या बनात शिरताच तिला जाणवलं की इथे पाखरू नाही, किडा नाही. तिच्या पावलांचा आवाज तेवढा, आणि तोही जरा मागून येत होता. झोपडी उघडी, चूल थंड. वास मात्र होता, ओल्या कडब्याचा, कुजका, गोडसर. त्या वासाच्या मागे ती गेली.

मोहाच्या झाडाखाली धुरपता बसली होती. पाठमोरी. डोक्यावरून लुगडं.

"धुरपता...?"

"कोण?"

"मी... घनश्यामची बायको."

"आता काय आणलं?"

रुखमा तोंड पाहायला वळसा घालून पुढे गेली. पुढूनही पाठच होती. उजवीकडून गेली. पाठ. ती थांबली आणि तिथेच बसली.

"काई नाई आणलं," ती म्हणाली. "न्याले आली."

"न्याले...?" आवाजात हसू होतं की काय, कळेना. "माह्या सासऱ्याच्या आज्यापासून कोणी न्याले आलं नाई."

"माह्या लेकराचं रडणं दे वं. पाया पडतो."

"हुडक. तुलेच वळखू येईन."

पाठीशी गाठोडं पडलं होतं, पदराचंच, गाठ मारलेलं. रुखमानं कान टेकला, आणि आत गाव होतं. खोकत होतं, कण्हत होतं, दात खात होतं. नत्थूजीच्या शिव्या, कुणाचं तरी दबलेलं हुंदकणं, मनकर्णाबाईच्या गुडघ्याचं कुरकुर कुरकुर. आणि सगळ्यांच्या तळाशी, विहिरीच्या तळातून यावं तसं, तिचं पोर रडत होतं. तिनं गाठीत बोटं घातली. रडणं हाताला लागलंसुद्धा, गरम, ओलं. ओढलं तर सोबत दुसरं काही ओढलं जाऊ लागलं, केसांचा गुंता ओढावा तसं.

"एकटं निघत नाई बाई... समदं एकात एक गुतलं हाये."

"मंग मी काय करू?"

"समदं ने. नाई त ठेव."

रुखमानं झोळीतल्या पोराकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहत होतं आणि त्याचं तोंड उघडं होतं. तिच्या मनात गाव आलं का? आलं. मनकर्णाबाईचा गुडघा आला, दम्यानं रात्रभर बसून काढणारे आले. तिनं गाठोडं उचललं. त्याला वजन काहीच नव्हतं. एवढ्या माणसांची एवढी पिडा, आणि वजन काही नाही.

गाठोडं उचललं तशी समोरची पाठ खचली. लुगडं घसरलं. आत कडबा होता. आठवडाभर पाऊस लागला होता आणि तो कडबा कोरडा खडखडीत होता.

ती कशी पळाली ते तिलाही सांगता आलं नाही. नाल्याच्या काठी पाय घसरला, गाठोडं हातातून सुटलं आणि गाठ आपसूक उकलली. दिसलं काहीच नाही. पण सांजेला गायरानातली गुरं दावणीच्या ओढीनं गावात घुसतात ना, तसं काहीतरी तिच्या अंगावरून, बाजूनं, धक्के देत गावाकडे धावलं. लगेच पहिलं खोकणं ऐकू आलं. मग दुसरं. घराघरांतून कण्हणं उठलं. मनकर्णाबाईनं जी किंकाळी फोडली ती जळल्या गुडघ्याची होती, इतक्या दिवसांची एकदम.

रुखमा तिथेच चिखलात बसून सुदामच्या तोंडाकडे बघत राहिली. रड माह्या राजा. रड. त्यानं तोंड उघडलं.

आवाज आला. पण त्याच्या तोंडातून नाही. गावातून आला.

तिचा पान्हा फुटला, चोळी भिजली. आईला कान लागत नाहीत, तिचं अंग ओळखतं. ती त्या आवाजामागे धावत गेली, आणि आवाज अण्णाजीच्या दारात निघाला.

अण्णाजी ओट्यावर बसला होता. पांढऱ्या मिशा, बोळकं सताड उघडं, आणि त्यातून सहा महिन्यांचं पोर टाहो फोडत होतं. बुढ्याचे डोळे मात्र त्याचेच होते आणि ते भीतीनं बाहेर आले होते. त्याची सून लीलाबाई खांबाला धरून उभी होती.

"पाठ थोपटली, थांबते नाई... पाणी पाजलं, थांबते नाई..." ती एवढंच म्हणत होती.

रुखमा त्या ओट्यावर, सगळ्यांदेखत, मांडी घालून बसली आणि तिनं सुदामला पदराखाली घेतलं. पोर चुटूचुटू पिऊ लागलं. अण्णाजीचा टाहो हळूहळू उतरला, एक हुंदका, दुसरा, मग गप. त्यानं हातानं तोंड पुसलं.

गाव गोळा झालं होतं. खोकत, खाजवत, लंगडत. त्यांचं आपलं आपल्याला परत मिळालं होतं. आणि ते सगळे रुखमाकडे पाहत होते. ती नजर तिनं करीच्या सकाळी पाहिली होती, फक्त तेव्हा ती त्यांच्या बाजूनं उभी होती.

"हीच घेऊन आली," नत्थूजी म्हणाला. "नाल्यापल्याड गेलती ही. धुरपता गेली, आता ही..."

"आता माह्यावर ओरडान का?" रुखमा म्हणाली. "ओरडा. मी पदर पसरून उभी राह्यतो. पण पोराले कोण पाजन? अण्णाजीले विचारा."

अण्णाजीनं नत्थूजीचा हात घट्ट धरला. "नाई... नाई रे... तिले काई नको म्हणू." आणि मग, ज्या बुढ्यानं जन्मात कोणा सुनेपुढे मान झुकवली नव्हती, तो हात जोडून म्हणाला, "पोराले पाजत जाय वं माय. उशीर नको करू."

तसे ते दिवस गेले. पोर भुकेजलं की अण्णाजी रडायचा. भर बाजारात, कीर्तनात, तालुक्याच्या साहेबासमोर. रुखमा निंदण टाकून धावत यायची, आणि गावातलं कोणी तिला अडवायचं नाही. सुदाम बाळसं धरू लागला. धुरपताला शोधायला मात्र कोणी गेलं नाही. नाव निघालं की बुढे दुसरीकडे पाहायचे.

माघात, थंडीच्या कडाक्यात, अण्णाजी मेला. त्याला जाळताना रुखमा लांबून बघत होती. चिता विझेपर्यंत ती हलली नाही. पोराला मांडीवर घेऊन ती रात्रभर बसून राहिली, त्याच्या उघड्या तोंडात बोट घालून. आता कसं कळणार?

उजाडता उजाडता रडणं आलं.

तिचा पान्हा फुटला. ती बाहेर धावली. गल्लीत थंडी होती, धुकं होतं, आणि ओट्याओट्यावर गावातली म्हातारी माणसं शेकोटीला बसली होती. नत्थूजी, मनकर्णाबाई, सगळे. प्रत्येकानं तोंडाला गमछा, नाहीतर पदर, करकचून बांधला होता. थंडीचा, असं वाटावं. रडणं त्यांच्यातूनच येत होतं, दबलेलं, गुदमरलेलं, कापडाच्या आतून.

"कोण हाये?" रुखमानं विचारलं. "पोर भुकेलं हाये. कोणाच्या तोंडात हाये, सांगा... तोंड बांधलं त मले शेतात ऐकू कसं येईन?"

कोणी गमछा सोडला नाही. सगळे शेकोटीकडे पाहत राहिले. आणि त्यांतल्या कुणाच्या तरी डोळ्यांतून, कडेकडेनं, पाणी वाहत होतं.